ड्रायव्हरला आधी बाहेर काढायचं

अमरावती
२ डिसेंबर २०२४

चि. दामिनी,

जयभीम. फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेऊन बसले. तसंही वकिलाने बजावलं आहे, केसबद्दल मोबाइलवर बोलायचं नाही आणि लिहायचं तर मुळीच नाही. पत्राचं तो काही म्हणाला नाही. माझ्यासारखी एखादी बाई अजून पत्र लिहीत असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नसावं. तुझ्या अकोल्याच्या खोलीचा पत्ता पुस्तकांच्या जुन्या पार्सलवरून घेतला.

तो सायकलवाला गेला. नासिर त्याचं नाव. गाद्या भरायचा. थंडी पडली की त्याला मान वर करायला फुरसत नसायची. त्या दिवशी भरलेली गादी गुंडाळून कॅरिअरला बांधली होती आणि गिऱ्हाइकाकडे पोचवायला निघाला होता. चार दिवस सरकारी दवाखान्यात होता, शुद्ध येत-जात होती, मग गेला. मागे बायको आहे, फरजाना, आणि दोन मुली. तुला हे आधीच कळलं असेल तर फोन का उचलत नाहीस ते मला समजतं. कळलं नसेल तर आता कळलं.

पुढचं वाक्य मुद्दाम लिहिते, कारण आपल्या घरात ते कोणी उच्चारत नाही. गाडी तू चालवत होतीस. तुझे बाबा शेजारी बसले होते, आदल्या दिवशी डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला. मी मागे, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन. पोलिसांच्या कागदात मात्र चालक म्हणून बाबांचं नाव आहे.

तुला वाटत असेल बाबांनी फार विचार करून तुला वाचवलं. अजिबात नाही. त्यांनी विचार केलाच नाही, सवयीने केलं. उभा जन्म एसटीत कंडक्टर होते. अपघात झाला की लोक आधी ड्रायव्हरला धरतात, चूक कोणाची ते मागाहून बघतात. म्हणून कंडक्टरने ड्रायव्हरला आधी गर्दीतून बाहेर काढायचं आणि लोकांपुढे स्वतः उभं राहायचं. ही रीत त्यांनी तुला लहानपणी किती वेळा सांगितली असेल, तू जेवताना डोळे मोठे करून ऐकायचीस. त्या दिवशी तू रस्त्यात बसून त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं होतंस, त्याला पाणी पाजत होतीस. बाबांनी तुला दंडाला धरून उठवलं, ऑटोत कोंबलं, आणि परत येऊन गाडीला टेकून उभे राहिले. कोणीतरी ओरडलं, कोण चालवत होतं? हे म्हणाले, मी. काळा चष्मा लावून.

पुढचं तू ऐकलं नाहीस. आंधळा गाडी चालवतो म्हणाले लोक. एकाने कानाखाली वाजवली, चष्मा रस्त्यावर पडून फुटला. डोळ्यात घालायचे थेंब गाडीत राहिले आणि गाडी पोलिसांनी नेली. संध्याकाळपर्यंत आम्ही ठाण्याच्या बाकावर होतो. ते डोळा रुमालाने पुसत बसले होते, त्याच रुमालाने ज्याने आधी हाताला लागलेलं रक्त पुसलं होतं.

पण त्या रीतीचा उरलेला भागही तुला ठाऊक आहे. गर्दीतून निघालेला ड्रायव्हर घरी जात नाही. तो सरळ ठाण्यात जाऊन हजर होतो, त्याच संध्याकाळी. मी त्या बाकावर बसून दाराकडे बघत होते.

जेवत जा.

आई

अमरावती
१९ डिसेंबर २०२४

चि. दामिनी,

बाबांच्या मोबाइलवर तुझा मेसेज आला, ‘आईला आवरा’. मीच तो त्यांना वाचून दाखवला, कारण त्यांना सध्या अक्षर दिसत नाही. त्यांनी काही मला आवरलं नाही. मीही स्वतःला आवरलं नाही, हे तू बघतेच आहेस.

काल वकिलाकडे गेलो होतो. बाबा बाहेर बसले असताना मी त्याला एक आडवळणाचा प्रश्न विचारला. म्हटलं, समजा गाडीवर एखादा तरुण माणूस असता, धडधाकट, लायसनवाला, तर काय झालं असतं? तो म्हणाला, मग तर लढता आलं असतं ना बाई. सायकलवाला उलट्या बाजूने येत होता. थोडी चूक त्याची, थोडी गाडीवाल्याची, असं वाटप झालं असतं, कदाचित सुटलाही असता. पण डोळ्याचं ऑपरेशन झालेला, लायसन संपलेला म्हातारा म्हटल्यावर कोण काय ऐकणार? विमा कंपनीही तेच धरून बसली आहे. अशा माणसाने गाडी चालवली तर आम्ही नासिरच्या बायकोला भरपाई का द्यावी, म्हणते.

मी मागच्या सीटवर होते, म्हणून मला विचार. त्या टप्प्यात दुभाजकाला वळायची जागा पार पुलाजवळ आहे. दूधवाले, शाळेतली पोरं, भाजीवाल्या, सगळे उलटेच येतात. दिसत होतं तोवर बाबाही सायकलवर उलटेच जात आणि मी काही बोलले तर माझ्यावरच खेकसत. नासिर उलटा येत होता, रस्त्याच्या कडेने, हे खरं. आणि तू पुढच्या ऑटोला डावीकडून मागे टाकायला गेलीस, हेही तितकंच खरं. मी ‘हळू’ म्हटलं होतं, ते तुला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही. चूक त्याची होती आणि तुझी होती. आता दोघंही बाजूला आणि उभा आहे तिसराच, ज्याने स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नव्हता.

मला माहीत आहे तू का गप्प आहेस. कृषी खात्यात निवड झाली, आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली. नावावर गुन्हा आला की नेमणूक लटकली. तुझे आजोबा दुसऱ्याच्या वावरात राबले आणि नात अधिकारी होणार, हे काय मला कळत नाही का? विहाराजवळ तुझ्या फोटोचा अभिनंदनाचा बोर्ड लावलाय तो अजून तिथेच आहे. मी येता-जाता त्याच्याकडे बघते आणि मग बघवत नाही.

आई

अमरावती
१७ जानेवारी २०२५

चि. दामिनी,

बाबा तुला फोनवर ‘डोळा बरा आहे’ म्हणाले. तू विश्वास ठेवलास की ठेवल्यासारखं केलंस, ते तुझं तू जाण. डोळा गेला. त्या दिवशीच आत घाण गेली होती. दोनदा धुतला, इंजेक्शनं दिली, काही उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, थेंब वेळेवर पडायला हवे होते. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत चालला आहे आणि त्याला हात लावायची आता बाबांचीच तयारी नाही. त्या दिवशी जमाव त्यांना आंधळा म्हणाला होता. आता लोकांचं खरं झालं. मी रडून घेतलं, चिडूनही घेतलं, आणि परवा कोणाला न सांगता फरजानाच्या घरी गेले.

ती इद्दतीत आहे. नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाईने घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. म्हणून वकील, कंपनीचा माणूस, सगळे तिच्या दिरालाच भेटतात. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. मी बाईमाणूस, मला आत घेतलं. खोलीभर कापसाचे तंतू उडत होते आणि भिंतीला न भरलेल्या गाद्यांच्या खोळी टेकवून ठेवल्या होत्या. मी कोण ते सांगितलं. वाटलं होतं हाकलून देईल. तिने मुलींना बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

‘मावशी, ते चार दिवस होते न, तवा मधूनमधून बोलत होते,’ ती म्हणाली. ‘गाडीवर एक पोरगी होती म्हने. तिनं त्यायचं डोकं मांडीवर घेतलं, पानी पाजलं. रडून राहिली होती. आनि म्हने, गलती मेरी भी थी, मैं उल्टा आया.’

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत आहे. मी विचारलं, मग पोलिसांना का नाही सांगितलंस? तर म्हणाली, सांगितलं असतं तर नवऱ्याची चूक निघाली असती. आत्ता तरी लोक म्हणतात, आंधळ्या म्हाताऱ्याने चांगला माणूस मारला. मुली मोठ्या होतील तेव्हा बापाबद्दल तेवढंच ऐकतील. दिरानेही तोंड उघडू नको म्हणून सांगितलंय.

आम्ही दोघी एकच गोष्ट लपवत होतो, ती तिच्या माणसासाठी आणि मी माझ्या. मग मी तिला सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. तुला राग येईल. येऊ दे.

ती बराच वेळ खोळीची शिवण बोटाने चाचपत होती. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते. ‘तिले म्हना, ये. मले भांडाचं नाही. माह्या मान्साले रस्त्यावर कोनं पानी पाजलं, तिचं तोंड पाहाचं आहे. ती कोर्टात येऊन तिची गलती बोलली, तर मीबी त्यायची गलती बोलतो. पन ती नाही आली, तर मी एकटीनं काहून बोलू?’

यात चुकीचं काय आहे ते मला सांग. मला तरी सापडलं नाही.

आई

अमरावती
२६ फेब्रुवारी २०२५

चि. दामिनी,

काल तुझ्या पडताळणीसाठी पोलीस आला होता. बरा माणूस होता, चहा घेतला, तुझा फोटो बघून म्हणाला, आमच्या मुलीलाही हीच परीक्षा द्यायची आहे. बाबांवरची केस त्याच्याच ठाण्याची, त्यामुळे ती त्याला माहीत होती. पण ती बाबांवरची. त्याने शेजारी विचारून घेतलं होतं, सगळ्यांनी तुझी स्तुतीच केली होती. आता फक्त आम्हाला विचारायचं राहिलं होतं. पोरीवर कुठे काही गुन्हा वगैरे?

मी म्हटलं, गुन्हा दाखल नाही, पण त्या दिवशी गाडी तिनेच चालवली होती.

त्याने पेन थांबवलं. मला वाटलं, झालं, सुटले. आणि तेवढ्यात तुझे बाबा हसले. नोव्हेंबरपासून त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि काल हसले. ‘साहेब, मनावर घेऊ नका. ॲक्सिडेंट झाल्यापासून हिच्या डोक्यावर परिनाम झाला. काहीबाही बोलत राहते. पोरीचंच नाव घेते.’

तो माझ्याकडे बघायला लागला. कसं बघतात माहीत आहे ना, जत्रेत हरवलेल्या म्हातारीकडे बघतात तसं. मी चिडले, आवाज चढला, आणि त्याने मी खरोखरच वेडी वाटले असणार. त्याने तुझ्या कागदावर ‘काही नाही’ लिहिलं. जाताना बाबांना म्हणाला, वहिनींना एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा. एवढी वर्षं अंगणवाडीत मी लोकांच्या लेकरांना खरं बोलायला शिकवलं, दामिनी.

तो गेल्यावर मी बाबांना वाट्टेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी थकून बसले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘माहा डोळा तर गेला. आता तो फुकट घालवू नको.’

मी भाकरी टाकायला उठले.

अभिनंदन. तुझं चारित्र्य चांगलं निघालं.

आई

अमरावती
३ एप्रिल २०२५

चि. दामिनी,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पत्र टाकल्यावर पेटीत हात घालून काढता आलं असतं तर काढलं असतं. तू माझी मुलगी आहेस आणि मी तुला टोचून बोलले. पण तू मला काहीच कळवत नाहीस. रात्री झोप लागते का तुला, गाडी बघितली की काय होतं, हे मला कोण सांगणार? मी बाबांची बायको आहे, फरजानाची मावशी झाले आहे, वकिलासमोर साक्षीदारासारखी बसते. तुझी आई व्हायला मला कोणी देत नाही.

बुधवारी, ९ एप्रिलला, बाबांना न्यायाधीश विचारणार आहेत, गुन्हा मान्य आहे का म्हणून. वकिलाने ‘नाही’ म्हणायला शिकवलं आहे. ‘नाही’ म्हटलं की केस चालेल, साक्षी होतील, कोणाला काही बोलायचं असेल तर वेळ मिळेल. बाबा वकिलासमोर मान हलवतात, पण मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

फरजानाची इद्दत संपली. लगोलग ईद आली, मुलींना नवे कपडे शिवले, स्वतः जुनंच नेसली. ती बुधवारी येणार आहे. दिराला तिने सांगून टाकलंय की मी येणारच.

ये. नोकरीचं काय व्हायचं ते होईल, माझ्याने खोटी ग्वाही देववत नाही. कदाचित लटकेल. कदाचित सुटशील आणि लागशीलही. पण ज्याची चूक त्याची राहील, आणि तुझे बाबा ‘माझी पोरगी’ म्हणताना खाली बघणार नाहीत. आता ते खाली बघतात. उरलेल्या एका डोळ्याने.

सकाळची कोणतीही गाडी धर. मी डबा आणते.

आई

अमरावती
१० एप्रिल २०२५

दामिनी,

तू आली होतीस. मी पाहिलं.

स्कार्फने तोंड बांधलं होतंस. तरी मी काय ओळखणार नाही? पण माझ्याही आधी तुला बाबांनी ओळखलं. त्यांना समोरचा शिपाई धड दिसत नव्हता, वकिलाने त्यांना हाताला धरून उभं केलं होतं. आणि तू दारात आलीस तशी त्यांची मान तिकडे वळली. कशी ते मला विचारू नकोस. चपलांच्या आवाजावरून असेल.

न्यायाधीश बाईंनी त्याच वेळी विचारलं. वकील बाबांच्या कानाशी लागला. बाबांनी त्याला हाताने मागे सारलं आणि घाईघाईने, अगदी अडखळत बोलले. ‘मान्य आहे साहेब. मीच चालवत होतो. मले दिसलं नाही.’

बाईंनी समजावलं, बाबा, घाई करू नका, याचा अर्थ काय होतो माहीत आहे का, वकिलांशी बोलून घ्या. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणखी मोठ्याने, दाराकडे तोंड करून. त्या दिवशी रस्त्यावर तुला दंडाला धरून ऑटोत बसवलं होतं ना, काल पुन्हा तसंच केलं. हात पोचत नव्हता म्हणून आवाजाने केलं.

तू एक पाय आत ठेवला होतास. मी ओढणीचं टोक दातात धरून त्या पायाकडे बघत होते. वाटलं, दुसरा येईल. फरजाना माझ्या शेजारीच बाकावर होती, तिने कागदाच्या पुडीत बांधून काहीतरी आणलं होतं आणि ती घट्ट धरून बसली होती. तिला तुझं तोंड माहीत नाही. दारात बायका येत-जात होत्या, ती प्रत्येकीकडे बघत होती. तुझ्याकडेही तिने बघितलं. मग तू पाय मागे घेतलास.

मी उठले असते. ओरडले असते, ही बघा, हिनेच चालवली. पण डोक्यावर परिणाम झालेल्या बाईचं कोण ऐकतं? आणि खरं सांगू का, मला तू आपणहून यायला हवी होतीस. ओढून आणलेली नको होतीस.

बाहेर लिंबाखाली बाबा पायरीवर बसले होते, घामाने ओले, आणि चेहरा कसा शांत. ड्युटी संपवून आल्यावर असायचा तसा.

फरजाना जवळ आली. बुरख्याचा पडदा वर करून मला विचारलं, ‘मावशी, ती आली नाही न?’

गेल्या तीन महिन्यांत त्या बाईशी मी एकदाही खोटं बोलले नव्हते. काल बोलले. नाही आली, म्हटलं. दारापर्यंत येऊन परत गेली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?

ती मलाच धीर दिल्यासारखी म्हणाली, ‘अकोल्याची गाडी चुकली असन.’ आणि ती पुडी माझ्या हातात दिली. शेवया होत्या. ईदच्या, तुझ्यासाठी ठेवलेल्या.

शिक्षा किती ते पुढच्या तारखेला सांगणार आहेत. फरजाना त्याही दिवशी येते म्हणाली. तिला वाटतं, तुला तारीख नीट कळली नसेल.

२३ एप्रिल. आता कळली.

आई